१९६७ ची कॉर्व्हेट, ४२७ इंजिन: नंबर खरे की नंतर ठोकलेले?

अनुराधा_ट्रॉय

मंडळी, नमस्कार. गाड्यांवर इथे फारसं कुणी लिहीत नाही, पण नाना आणि सुहास अधूनमधून डोकावतात, म्हणून धागा काढतेय.

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला राहते. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ ही जुन्या गाड्यांची जत्रा भरते, तेव्हा रस्त्याकडेला घडीची खुर्ची टाकून दिवसभर बसणाऱ्यांतली मी एक. मुलं कॉलेजला गेली, घराचं कर्ज फिटलं, आता खुर्चीतून उठून गाडीत बसायचं मनात आहे. नवरा म्हणतो, "त्यापेक्षा सोनं घे." याला मी परवानगी समजतेय.

गाडी बघून आले. शेवरोलेची १९६७ ची कॉर्व्हेट स्टिंग रे, कन्व्हर्टिबल, मरीना ब्लू रंग, बोनेटवर तो प्रसिद्ध उंचवटा, खाली त्रिकोणी एअर क्लीनर आणि तीन कार्ब्युरेटर. जाहिरातीत लिहिलंय: "४२७/४३५, नंबर्स मॅचिंग, फॅक्टरी एसी, अत्यंत दुर्मीळ." म्हणजे ४२७ घन इंचाचं, ४३५ हॉर्सपॉवरचं इंजिन. मागतोय १,२५,००० डॉलर. विकणारे गृहस्थ निवृत्त आहेत, वागायला गोड, चहासुद्धा विचारला. गाडीसोबत एक जाडजूड फाइल आहे, त्यात नव्वदच्या दशकातली रिस्टोरेशनची बिलं, फोटो आणि मूळ वॉरंटीची पुस्तिका. इंजिनावरच्या नंबराचा फोटो मी काढून आणलाय: एका ओळीत टी१००५जेई, शेजारी ७१०३ ने सुरू होणारा सात आकडी नंबर. चासी नंबरचे शेवटचे आकडे तेच आहेत.

प्रश्न असा की, नंबर जुळतात, म्हणजे इंजिन गाडीचं जन्मापासूनचंच, एवढ्यावर झालं ना? की अजून काही बघायचं असतं? आणि तेच इंजिन की दुसरं, एवढ्यावरून किमतीत चाळीस-पन्नास हजारांचा फरक पडतो म्हणतात, ते मला अजून पचत नाहीये. चालवताना कळतं का ते?

गिरगावचा_बंड्या

अनुराधाताई, सव्वा लाख डॉलर म्हणजे एक कोटीच्या वर. साठ वर्षं होत आलेली, दोनच माणसं बसणारी गाडी. वहिनीमंडळात विषय निघाला तर "जुनी शेवरोले घेतली" एवढंच सांगा, आकडा सांगू नका.

बाकी शेवरोले म्हटलं की आमच्या घरात आजोबांचा विषय निघतोच. १९२८ पासून १९५४ पर्यंत जनरल मोटर्सचा कारखाना इथे शिवडीला होता, खोक्यांतून सुटे भाग यायचे आणि इथे गाड्या जोडल्या जायच्या. कॉर्व्हेट मात्र इथल्या नशिबी नव्हती. नानांची वाट बघतोय.

नाना_ब्लॉकवाले

अनुराधाताई, राम राम.

जाहिरातीतली ती ओळ परत वाचा. ४३५ आणि फॅक्टरी एसी, दोन्ही एकाच गाडीत. असं होत नाही. ४३५ हॉर्सपॉवरचं इंजिन म्हणजे ऑप्शन एल-७१, आणि त्याच्या जोडीला शेवरोले एसी देतच नव्हती. डीलरकडे जाऊन पाया पडलात तरी मिळत नसे. मग "अत्यंत दुर्मीळ" हे खरंच आहे, कारण अशी एकही गाडी कारखान्यातून निघालेली नाही.

तेव्हा पहिलं मला हे सांगा: डॅशबोर्डच्या दोन्ही टोकांना गोल, बुबुळासारख्या फिरणाऱ्या हवेच्या तोंड्या आहेत, की पायापाशी नंतर लटकवलेला खोका आहे? खोका असेल तर कुणी हौशी माणसाने मागाहून बसवला असेल, इंजिनाबद्दल आशा ठेवा. तोंड्या असतील तर एसी जन्मापासूनचा आणि इंजिन दत्तक.

आता नंबरांचं. माझं सगळं आयुष्य इंजिन ब्लॉकच्या मशिनिंगमध्ये गेलं, आधी पिंपरीला, मग ओहायोत, त्यामुळे हा विषय निघाला की मी लांबण लावतो. चालवून घ्या.

त्या सालच्या कॉर्व्हेट कन्व्हर्टिबलचा चासी नंबर १९४६७७एस१ असा सुरू होतो. १९४६७ म्हणजे शेवरोले कॉर्व्हेट कन्व्हर्टिबल, पुढचा ७ म्हणजे साल, एस म्हणजे सेंट लुईसचा कारखाना, मग अनुक्रमांक. इंजिन कुठलं होतं याबद्दल त्यात चकार शब्द नाही. सगळ्या लबाडीला वाव मिळतो तो इथे. १९६७ साली २२,९४० कॉर्व्हेट बनल्या, त्यातल्या एल-७१ फक्त ३,७५४. तेव्हा त्या इंजिनाचे जादा पैसे किती होते? ४३७ डॉलर १० सेंट. आज तोच फरक तुम्ही म्हणता तसा चाळीस-पन्नास हजारांवर गेलाय. मग साध्या ३२७ च्या गाडीत कुठून तरी ४२७ ब्लॉक आणून टाकायचा आणि नंबर पंच करायचा, हा मोह कुणाला होणार नाही?

नंबर असतो कुठे, तर उजव्या बाजूच्या हेडच्या अगदी पुढे, ब्लॉकवरच एक सपाट पट्टी असते तिथे. त्यावर दोन वेगळे ठसे असतात आणि ते दोन वेगळ्या गावांत पडलेले असतात. टी१००५जेई हा टोनावांडाला, न्यूयॉर्क राज्यात इंजिन जुळलं तिथला: टी कारखान्याचा, १००५ म्हणजे ५ ऑक्टोबर, जेई म्हणजे ४३५ वालं. ७१०३... हा गाडीचा नंबर सेंट लुईसला मारलेला. कारखाना वेगळा, पंच वेगळा, मारणारा हात वेगळा. म्हणून दोन्ही ठसे एकाच खोलीचे, एकाच वळणाचे, ओळंब्यात लावल्यासारखे दिसले तर मला खाज सुटते. तुमच्या फोटोत मला ते फार शिस्तीत दिसताहेत. पण फोटोवरून मी शपथ घेणार नाही.

दुसरं म्हणजे ठशाखालची जमीन. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग, ज्यावर हेड बसतं, तो कारखान्यात ब्रोचिंगने कापला जायचा. ब्रोच म्हणजे दातांची लांबलचक पट्टी, ती ब्लॉकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका फेरीत सरळ खरवडत जाते. नंबरची पट्टी त्याच फेरीत कापली जाते. त्यामुळे तिथे बारीक, सरळ, समांतर रेघा राहतात आणि ठसा त्या रेघांवर पडतो. पुढे कधी इंजिन ओव्हरहॉल करताना पृष्ठभाग पुन्हा सपाट केला तर ते काम गोल फिरणाऱ्या कटरने होतं, त्याच्या रेघा कमानीसारख्या वळतात, आणि जुना ठसा पुसला जातो. हल्ली बनवणारे सरळ रेघासुद्धा काढून देतात, पण त्या रेघा हेडच्या गॅस्केटपर्यंत जाऊन अचानक थांबतात. मूळच्या आत, हेडखाली गेलेल्या असतात.

तरीही मी पट्टीवर एवढा जीव टाकणार नाही. पट्टी ज्याला पुसता येते, त्याला लिहिताही येते. तुम्ही ब्लॉकच्या पाठीमागे बघा. गिअरबॉक्सचं कवच जिथे बोल्टने जोडलेलं असतं, तिथल्या कडेजवळ ओतकामातच उठून आलेली अक्षरं आहेत. हा नंबर पंचाचा नाही, साच्यातून आलेला, बिडाचाच भाग. एक कास्टिंग नंबर मिळेल, १९६७ च्या ४२७ वर तो बहुधा ३९०४३५१ असतो. आणि एक तारीख: पहिलं अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी असं, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. तुमची गाडी ३,००० आणि काही नंबरची, म्हणजे १९६६ च्या शरद ऋतूत बनलेली, कारण पुढच्या सालचं मॉडेल आधीच्या शरदातच बनायला लागायचं. ब्लॉक त्याच्या आधी ओतलेला असला पाहिजे. बघायला अवघड जागा आहे, फायरवॉल आणि इंजिनाच्या मधे हात जात नाही. दातांचे डॉक्टर वापरतात तसला आरसा आणि टॉर्च घेऊन जा.

सनीवेलकर_सुहास

नानांनी सगळं सांगितलंय. मी फोर्डवाला, त्यामुळे थोडं मीठ चोळतो.

आमच्या मस्टँगला ही भानगड कमी. इंजिनाचं अक्षर चासी नंबरातच असतं. शिवाय फोर्डच्या १९६७ पासूनच्या उत्पादनाच्या नोंदी मार्टी नावाच्या माणसाकडे आहेत. पैसे भरा, नंबर द्या, गाडी कुठल्या रंगात, कुठल्या इंजिनासह, कुठल्या डीलरकडे गेली ते छापून येतं. पॉन्टिअ‍ॅकवाल्यांचीही अशी सोय आहे. कॉर्व्हेटवाल्यांना एनसीआरएस ही रिस्टोरर मंडळींची संस्था, १९७४ पासूनची, शिपिंगचा अहवाल देते, पण त्यात फक्त गाडी कधी बनली आणि कुठल्या डीलरकडे पाठवली एवढंच. इंजिन नाही. तरी तो मागवाच, तारीख पक्की होते.

कागद म्हणजे काय चीज असते याचं उदाहरण देतो. नट स्टीव्ह मॅक्क्वीनने 'बुलिट' सिनेमात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर उडवलेली १९६८ ची हिरवी मस्टँग. चासी नंबर ८आर०२एस१२५५५९. ८ म्हणजे साल, आर म्हणजे सॅन होजेचा कारखाना, ०२ फास्टबॅक, एस म्हणजे ३९० इंजिन. एका कुटुंबाने १९७४ मध्ये ६,००० डॉलरला घेतली आणि बाई शाळेत जायला वापरत होत्या. १९७७ मध्ये मॅक्क्वीनने स्वतः पत्र लिहून परत मागितली, त्यांनी दिली नाही. रंग उडालेला, गंजलेली, सीट फाटकी, आणि २०२० च्या जानेवारीत फ्लोरिडातल्या लिलावात ३७.४ लाख डॉलरला गेली. नवा रंग मारला असता तर कमी मिळाले असते. लोकांनी पैसे दिले ते त्या नंबराचे, त्या पत्राचे, आणि गाडी मधल्या काळात एकाच घरात होती याचे.

आणि तो सॅन होजेचा कारखाना खरं तर मिलपिटासला होता. आता तिथे ग्रेट मॉल आहे. इथले निम्मे मराठी लोक दिवाळीची खरेदी मस्टँगच्या असेंब्ली लाइनवर उभे राहून करतात आणि त्यांना पत्ता नसतो.

अनुराधा_ट्रॉय

नाना, डॅशबोर्डचे फोटो पुन्हा काढून बघितले. तोंड्या आहेत. दोन्ही टोकांना, गोल, क्रोमची कड असलेल्या. खाली खोका वगैरे काही नाही.

विकणाऱ्यांना फोनवर विचारलं की ४३५ बरोबर एसी येत नव्हता ना? ते म्हणाले, "स्पेशल ऑर्डर असेल." मी म्हटलं, मग त्याचा कागद? त्यावर म्हणाले की गाडीला साठ वर्षं होत आली, कागद कुठे टिकतात. मग फाइलमधली ती जाडजूड बिलं टिकली कशी, हे माझ्या ओठांवर आलं होतं, गिळलं.

आणखी एक. वॉरंटीच्या पुस्तिकेत एका पानावर चौकोनी जागा आहे, गोंदाचे पिवळट डाग आहेत, पण त्यावर काही चिकटवलेलं नाही. ते काय असतं?

नाना_ब्लॉकवाले

तो प्रोटेक्ट-ओ-प्लेट. बोटाएवढा पत्रा, त्यावर उठावाची अक्षरं. गाडी सर्व्हिसिंगला नेली की डीलर त्या पत्र्याचा कागदावर छाप घेत असे, जुन्या क्रेडिट कार्डासारखा. त्यावर चासी नंबर असतो, पहिल्या मालकाचं नाव असतं, आणि मुख्य म्हणजे इंजिनाचं कोड अक्षर असतं. पुस्तिका जपली, नव्वदची बिलं जपली, आणि नेमका तेवढाच पत्रा हरवला. असू शकतं. पण उंदीर निवडून खात नाहीत.

अजून एक साक्षीदार आहे. १९६७ पासून सेंट लुईसला गाडीच्या ऑप्शन्सची यादी असलेला कागद पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या बाजूला चिकटवायला लागले. बघायचा तर टाकी खाली उतरवावी लागते. विचारून बघा, टाकी उतरवू देतात का. खर्च तुमचा म्हणा. माणूस खरा असेल तर तोही उत्सुक असतो, मलाही बघायचंय म्हणतो. मात्र कागद सापडला तरी तो जुना, तेलकट, फाटका, अर्धा वाचता येणारा हवा. कोरा करकरीत निघाला तर कुठल्या छापखान्याचा ते विचारा.

तुम्ही विचारलं होतं, चालवताना कळतं का? नाही कळत. ४२७ म्हणजे सात लिटरचं इंजिन, ते कुठल्या गाडीत जन्मलं याच्याशी तुमच्या पाठीला बसणाऱ्या धक्क्याचा संबंध नाही. नंबरचा पैसा हा विकताना मिळतो आणि घेताना जातो, मधल्या वर्षांत तो दिसत नाही. म्हणून मी स्वतः १९६६ ची ३२७ ठेवलीय, इंजिन बदललेली, सरळ तशी सांगून विकलेली मला. पावसात काढतो, दुधाला नेतो. सुहासच्या गाडीला मात्र ऊन लागलेलं मी पाहिलं नाही.

सनीवेलकर_सुहास

नाना, ती बाहेर काढली की पेट्रोलपंपावर तीन लोक इंजिन उघडायला सांगतात. वेळ लागतो.

अनुराधा_ट्रॉय

काल परत गेले. दातांचा आरसा ऑनलाइन मिळाला, चार डॉलरला. फोन सेल्फी स्टिकला लावला. विकणारे गृहस्थ खुर्चीत बसून बघत होते, काही बोलले नाहीत.

इंजिनाच्या मागे एवढी काजळी आणि ग्रीस की आधी चिंधीने पुसावं लागलं. कास्टिंग नंबर आला: ३९०४३५१. मला इतका आनंद झाला! मग दुसऱ्या बाजूला आरसा फिरवला. आरशात अक्षरं उलटी, त्यामुळे आधी कळेना. फोटो काढून फ्लिप केला. सी, मग १४, मग ७.

सी १४ ७. चौदा मार्च १९६७. पुढच्या पट्टीवर इंजिन जुळल्याची तारीख पाच ऑक्टोबर.

म्हणजे नाना, इंजिन जुळलं ऑक्टोबरमध्ये आणि ते ज्या बिडाचं बनलंय ते ओतलं पुढच्या मार्चमध्ये?

गिरगावचा_बंड्या

बाळ आधी, बारसं नंतर ऐकलं होतं. इथे बारसं आधी झालं.

एक शंका मात्र आहे, नाना. समजा इंजिन वॉरंटीतच फुटलं, डीलरने नवीन बसवून दिलं. तर तारीख नंतरची असणारच की. मग त्या माणसाला उगाच चोर कशाला ठरवायचं?

नाना_ब्लॉकवाले

बंड्या, प्रश्न चांगला आहे. डीलरने बदललेल्या इंजिनावर सेंट लुईसचा गाडीचा नंबर नसतो. तो गाडी बनताना मारायचा, दुरुस्तीत नाही. आणि बदली इंजिनावर मूळच्या इंजिनाची ऑक्टोबरची तारीख कोण कशाला मारेल? ती मारली म्हणजे कुणीतरी गाडीच्या नंबराशी जुळेल अशी तारीख हिशोब करून काढली. मागे आरसा कोण घालणार, असा विचार केला.

हे आताच्या मालकाने केलं असं मी म्हणत नाही. नव्वदमधल्या रिस्टोरेशनमध्ये झालं असेल, त्यांनी चांगल्या विश्वासाने घेतली असेल, आता तेही त्याच पाण्यात उभे आहेत. माणूस गप्प बसून बघत होता, याचा अर्थ मला दोन्ही बाजूंनी लावता येतो.

अनुराधाताई, अजून एक बघा, ते इंजिनापेक्षा जास्त महत्त्वाचं. डॅशबोर्डमधल्या ग्लव्ह बॉक्सखाली जो पत्रा आहे त्यावर चासी नंबरची प्लेट आहे. तिचे रिव्हेट फुलासारख्या पाकळ्यांचे आहेत का आणि कुणी छेडलेत का ते बघा. इंजिनाचा नंबर खोटा निघाला तर पैसे जातात. प्लेटची छेडछाड निघाली तर गाडी जाऊ शकते. कॅन्सासमध्ये एकाने ५०,००० डॉलरला १९५९ ची कॉर्व्हेट घेतली, नोंदणीच्या तपासणीत पोलिसांना दिसलं की रिस्टोरेशनच्या वेळी प्लेट काढून परत लावलीय. गाडी चोरीची नव्हती, त्याने काही केलं नव्हतं, तरी जप्त. कायद्याप्रमाणे ती नष्ट करायची होती. वर्षानुवर्षं कोर्टात चाललं, शेवटी २०२२ मध्ये राज्याला कायदा बदलावा लागला. तसंच नंबराचे शेवटचे आकडे चासीवरही मारलेले असतात, डाव्या मागच्या बाजूला, बॉडीखाली. तिथे सहज दिसत नाहीत, म्हणून तिथे सहसा कुणी हात लावत नाही.

अनुराधा_ट्रॉय

प्लेट बघितली, रिव्हेट पाकळ्यांचे आहेत, रंग त्यांच्यावरही उडालेला आहे, छेडल्यासारखे वाटत नाहीत. शेजारच्या ट्रिम प्लेटवर रंगाचा कोड ९७६ आहे, म्हणजे मरीना ब्लू खरा.

टाकी उतरवायला नाही म्हणाले.

मग मी सरळ सांगितलं की मी हिला इंजिन बदललेली, एसीची कन्व्हर्टिबल म्हणून बघतेय, आणि ६२,००० देईन. फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ मोठा करून बघितला आणि म्हणाले की ओहायोतून एक जण रविवारी येतोय, तो १,१०,००० पर्यंत तयार आहे. नाना, ६२ फार कमी सांगितलं का? मला गाडी आवडलीय हे नाकारत नाही. निळी आहे हो.

नाना_ब्लॉकवाले

कमी नाही. वर फार तर तीन-चार हजार, तेही चासी बघून. लिफ्टवर उचलून खालून बघितलीय का? बॉडी फायबरची म्हणून गंज नाही असं समजू नका. आत लोखंडी सांगाडा आहे, पुढच्या काचेच्या दोन खांबांच्या तळाशी पाणी साठून तो आतल्या आत कुजतो, बाहेरून चकाचक. चासी मागच्या चाकांपुढे जिथे वर वळते तिथे हातोडीच्या टोकाने हलकेच ठोका, आवाज बद्द आला तर निघून या. हिवाळ्यात मिशिगनच्या रस्त्यांवर टाकतात ते मीठ खाल्लेली गाडी आहे. ते दुरुस्त करायला बॉडी उचलावी लागते, आणि मग ६२ चे ९० कधी झाले कळत नाही.

ओहायोच्या माणसाला येऊ द्या. तो आरसा आणतो का ते मात्र विचारा. आणला तर सोमवारी तुम्हाला फोन येईल.

सनीवेलकर_सुहास

शिपिंगचा अहवाल तरीही मागवा, अनुराधाताई. डीलरचं नाव कळलं तर कधी कधी त्या गावातल्या जुन्या लोकांकडे गाडीचे फोटो सापडतात, बोनेटवर ४२७ चा उंचवटा होता की नव्हता ते दिसतं.

अनुराधा_ट्रॉय

मागवते. रविवारी वाट बघते, मंगळवारपर्यंत फोन आला नाही तर दुसरी एक बघायची आहे, टोलेडोजवळ. ३२७, ३०० हॉर्सपॉवर, नंबरबद्दल काहीही दावा नाही, मालक म्हणतो इंजिन दोनदा बदललंय. ४८,०००. हिरवी आहे. हिरवी चालेल का मला, ते नवऱ्याला विचारतेय.